क्लॅटचा उतारा: प्रश्न काय मागतोय ते आधी ओळखा

लातूर-नांदेडच्या अभ्यासिकांत नीट आणि जेईईची मुलं खुर्चीला खुर्ची लावून बसलेली असतात. क्लॅटवाला त्यांत एखादाच. शेजारचा त्याला हमखास ऐकवतो, "तुझं बरंय राव, तुला नुसतं वाचायचंच तर आहे!" खरंच नुसतं वाचायचं असतं. पण पहिली मॉक टेस्ट दिली की तोच मुलगा पेपर घेऊन येतो आणि म्हणतो, "सर, बी आणि सी दोन्ही बरोबर वाटायलेत." उतारा त्याला कळलेला असतो. तो अडलेला असतो प्रश्नापाशी. हा लेख त्याच्यासाठी आहे, आणि त्याच्यासारख्या बीड, परभणी, हिंगोलीत एकट्याने तयारी करणाऱ्यांसाठी.

आधी परीक्षेबद्दल थोडक्यात. क्लॅट ही राष्ट्रीय विधी विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा. आपल्या छत्रपती संभाजीनगरात २०१७ पासून असलेल्या महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठातही याच परीक्षेतून प्रवेश मिळतो. पेपर कागदावर, इंग्रजीतून, दोन तासांचा. पूर्वी १५० प्रश्न असत, २०२४ च्या प्रवेशापासून १२० झाले. बरोबर उत्तराला एक गुण, चुकलं तर पाव गुण वजा. २०२० पासून पेपर उताऱ्यांवर बेतलेला आहे: इंग्रजी, चालू घडामोडी, लीगल आणि लॉजिकल या चार विभागांत साधारण साडेचारशे शब्दांचे उतारे येतात आणि प्रत्येकाखाली काही प्रश्न. गणिताच्या छोट्या विभागातही आकडे परिच्छेदातून किंवा तक्त्यातूनच द्यायची पद्धत आहे. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी एक मिनिट, आणि त्याच मिनिटात उताऱ्याचं वाचनही धरलेलं.

राज्य सीईटी कक्षाची पाच वर्षांच्या विधी पदवीची सीईटी वेगळी. तिचा पेपर मराठीतूनही असतो आणि तिथे गुण वजा होत नाहीत. खाली सांगितलेलं बरंचसं तिथल्या उताऱ्यांनाही लागू पडेल, पण डोळ्यासमोर क्लॅट ठेवूनच लिहितो आहे.

प्रश्नांचे प्रकार ओळखायचे म्हणजे त्यांची नावं पाठ करायची असं बरेच जण समजतात. क्लासच्या नोट्समध्ये चौदा-पंधरा प्रकारांचा तक्ता असतो, तो वहीत उतरवला जातो आणि पेपरात विसरला जातो. माझ्या मते एकच गोष्ट विचारावी: या प्रश्नात मला उताऱ्यापासून किती लांब जायची मुभा आहे? काही प्रश्नांत शून्य मुभा असते, ओळीवर बोट ठेवून उत्तर द्यायचं. काहींत एक पाऊल चालतं. काहींत बाहेरची नवी माहिती पर्यायांतूनच येते आणि ती खरी मानून चालायचं असतं. एवढं ओळखता आलं की प्रकाराचं नाव विसरलं तरी बिघडत नाही.

सरावासाठी एक उतारा

हा उतारा मी या लेखापुरता रचला आहे. परीक्षेतला इंग्रजीत आणि याच्या चौपट-पाचपट लांब असतो, पण प्रश्नांची जात ओळखायला एवढा पुरतो. एकदा सावकाश वाचा.

"भूजल दिसत नाही, म्हणून ते कुणाचंच नाही असं आपण धरून चालतो. नदीच्या पाण्यावरून जिल्हे भांडतात, धरणाच्या पाण्यावरून मोर्चे निघतात. बोअरच्या पाण्यावरून मात्र फार तर बांधावर कुरबूर होते. महाराष्ट्राने २००९ साली भूजलासाठी वेगळा कायदा केला. काही जाणकारांच्या मते खोल बोअरवर सरसकट बंदी आणि जबर दंड हाच उपाय आहे. पण रात्रीतून रिग येते, पहाटेपर्यंत बोअर होतो आणि पंचनाम्याला येणाऱ्याला फक्त केसिंग पाइप दिसतो. ज्या गावांनी पावसाळा संपताच विहिरींची पातळी मोजली, उपलब्ध पाणी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिलं आणि मग रब्बीची पिकं ठरवली, तिथे दंडाची वेळ क्वचितच आली. कायदा निरुपयोगी आहे असं नव्हे. पण मोजणीशिवाय त्याला हात नाहीत."

वाचताना पेन्सिलने दोनच खुणा करायची सवय लावा. जिथे लेखक दुसऱ्या कुणाचं मत सांगतो तिथे एक ("काही जाणकारांच्या मते"), आणि जिथे तो वळतो तिथे दुसरी ("पण"). इंग्रजीत 'बट', 'हाउएव्हर', 'येट', 'क्रिटिक्स आर्ग्यू' हे शब्द वळणाचे. अख्ख्या उताऱ्याखाली रेघा ओढणाऱ्यांना शेवटी काहीच ठळक दिसत नाही.

पहिली पायरी: शून्य मुभेचे प्रश्न

'अकॉर्डिंग टू द पॅसेज', 'द ऑथर स्टेट्स', 'अॅज मेन्शन्ड इन द पॅसेज'. असा प्रश्न आला की डोकं चालवू नका, ओळ शोधा. "उताऱ्यानुसार, दंडाची वेळ क्वचित आलेल्या गावांत रब्बीची पिकं कधी ठरली?" उत्तर: पातळी मोजून पाणी फळ्यावर लिहिल्यानंतर. इथे चुकवणारा पर्याय उताऱ्यातलेच शब्द घेतो आणि क्रम फिरवतो: "पिकं ठरवल्यावर विहिरींची पातळी मोजली". ओळखीचे शब्द दिसले की हात आपोआप त्या पर्यायाकडे जातो. बरोबर पर्याय बहुधा तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगत असतो, म्हणून तो परका वाटतो.

याच जातीत 'नॉट' आणि 'एक्सेप्ट' वाले प्रश्न येतात. तीन पर्याय उताऱ्यात आहेत, चौथा नाही, तो शोधायचा. हे वेळ खातात, कारण चार ओळी शोधाव्या लागतात. 'नॉट' भोवती पेन्सिलने गोल करा. घाईत तो शब्द डोळ्यांवरून निसटतो आणि मुलं उताऱ्यात असलेलाच पर्याय काळा करून मोकळी होतात.

शब्दार्थाचे प्रश्नही इथलेच. 'अॅज यूज्ड इन द पॅसेज' असं म्हटलं की डिक्शनरीतला पहिला अर्थ बाजूला ठेवायचा आणि पर्याय वाक्यात बसवून पाहायचा. कायद्याच्या मजकुरात 'सँक्शन' हा शब्द कुठे परवानगी म्हणून येतो, कुठे शिक्षा म्हणून. वाक्य ठरवतं. शब्दांच्या याद्या पाठ करण्यात फार दिवस घालवू नका.

दुसरी पायरी: अख्खा उतारा लागणारे प्रश्न

'मेन आयडिया', 'सेंट्रल थीम', 'प्रायमरी पर्पज', 'मोस्ट सुटेबल टायटल'. इथेही उताऱ्याबाहेर जायचं नाही, पण एका ओळीवर भागत नाही. आपल्या उताऱ्याचा मुख्य मुद्दा विचारला आणि हे पर्याय दिले, असं धरा:

ए) खोल बोअरवर बंदी घालून जबर दंड करायला हवा.
बी) महाराष्ट्राने २००९ साली भूजलासाठी वेगळा कायदा केला.
सी) गावपातळीवरच्या मोजणीशिवाय भूजलाचं नियमन परिणामकारक होत नाही.
डी) पाणीटंचाईवर कायदे निरुपयोगी आहेत.

बी खरं आहे, पण ती एक ओळ आहे. डी मध्ये लेखकाचा मुद्दा ताणून त्याने जे स्पष्ट नाकारलं तेच त्याच्या तोंडी घातलंय. ए सगळ्यात फसवा. ते मत उताऱ्यात आहे, पण लेखकाचं नाही. तुमची "काही जाणकारांच्या मते" वरची खूण इथे कामाला येते. उरतं सी.

उद्देश विचारला असेल तर पर्यायांतली क्रियापदं आधी वाचा. 'टू डिस्क्राइब', 'टू क्रिटिसाइज', 'टू कम्पेअर', 'टू आर्ग्यू'. आपला लेखक नुसतं वर्णन करत नाही, बाजू मांडतो आहे. म्हणजे 'डिस्क्राइब' वाले पर्याय पुढचं न वाचताच बाद झाले. मुख्य मुद्द्याचा प्रश्न उताऱ्याखाली पहिला असला तरी तो शेवटी सोडवला तर बरं. बाकीचे प्रश्न सोडवताना उतारा आणखी एकदा नजरेखालून गेलेला असतो.

सुराचे प्रश्नही याच घरातले. 'टोन', 'अॅटिट्यूड'. कायद्याबद्दल आपल्या लेखकाचा सूर काय? "पंचनाम्याला फक्त केसिंग पाइप दिसतो" यात टोमणा आहे, म्हणून 'सार्कास्टिक' उचलायचा मोह होतो. पण शेवटचं वाक्य काय सांगतं? कायदा हवा, पण एका अटीवर. 'क्वालिफाइड सपोर्ट' म्हणजे अटीसह पाठिंबा, हे उत्तर. संपादकीय छापाच्या उताऱ्यांत सूर बहुतेक वेळा असाच मधला असतो. टोकाचा संताप किंवा निखळ कौतुक क्वचित.

तिसरी पायरी: एक पाऊल, एकच

सगळ्यात जास्त गुण इथे जातात, म्हणून इथे जरा थांबू.

'कॅन बी इन्फर्ड', 'द पॅसेज सजेस्ट्स', 'इम्प्लाइज', 'द ऑथर वुड मोस्ट लाइकली अग्री'. उत्तर उताऱ्यात लिहिलेलं नाही, पण उतारा खरा मानला तर ते नाकारता येत नाही. आपल्या उताऱ्यावरून पुढीलपैकी काय अनुमान निघतं?

ए) मोजणी करणाऱ्या गावांत कुणीच बेकायदा बोअर घेत नाही.
बी) बोअर होऊन गेल्यावर केलेल्या पाहणीतून नियम मोडल्याचं सिद्ध करणं सोपं नसतं.
सी) अधिकारी आणि रिगवाले यांचं संगनमत असतं.
डी) नदीच्या पाण्याचे वाद भूजलाच्या वादांपेक्षा महत्त्वाचे आहेत.

वर्गात हा प्रश्न दिला तर सी वर हात जास्त उठणार, हे मी लिहून द्यायला तयार आहे. आपल्याकडे ज्याच्या शेताशेजारी रात्री रिग घरघरली आहे त्याला सी खरा वाटतो, आणि कदाचित काही गावांत तो असेलही. पण उताऱ्यात अधिकारी लाच घेतो असं कुठे आहे? तो येतो आणि त्याला पाइप दिसतो, एवढंच. संगनमत आपण आपल्या घरून आणलं. परीक्षकाला हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून तो चारांतला एक पर्याय असा ठेवतो जो जगात खरा असू शकतो आणि उताऱ्यात नसतो. आणि तालुक्याच्या गावात वाढलेल्या, पेपर वाचणाऱ्या, चौकात चार गोष्टी ऐकणाऱ्या हुशार मुलालाच तो जास्त फसवतो.

ए चं बिंग एका शब्दात फुटतं. उतारा म्हणतो "क्वचितच", पर्याय म्हणतो "कुणीच नाही". 'ऑल', 'नेव्हर', 'ओन्ली', 'ऑलवेज' असलेला पर्याय दिसला की उताऱ्यातही तेवढाच ठाम शब्द आहे का ते तपासा. नसेल तर सोडा. उलट 'मे', 'सम', 'कॅन' असलेला लेचापेचा पर्याय बऱ्याचदा बरोबर निघतो, कारण कमी दावा करणारं वाक्य सिद्ध करायला सोपं. पण हा नियम डोळे झाकून वापरू नका. लेखकच "कधीही नाही" म्हणाला असेल तर पर्यायातलं 'नेव्हर' बरोबर आहे.

डी मध्ये तुलना घुसवली आहे. नदीच्या पाण्यावरून भांडणं मोठी होतात असं लेखक म्हणतो. ती महत्त्वाची आहेत असं नाही. उलट, भूजलाकडे दुर्लक्ष होतं हीच त्याची तक्रार दिसते.

बी पाहा. रिग रात्री येऊन जाते, पंचनाम्याला फक्त पाइप दिसतो. हे खरं मानलं तर नंतरच्या पाहणीतून सिद्ध करणं सोपं नाही, हे मान्य करावंच लागतं. इतकं साधं की मुलं म्हणतात, "हे तर उताऱ्यातच आहे, अनुमान कसलं?" अनुमान असंच मिळमिळीत असतं. त्यात हुशारी दाखवायची सोय नाही. पर्याय वाचून "वा!" म्हणावंसं वाटलं तर बहुतेक तो दोन पावलं पुढे गेलेला आहे.

इथली कसोटी सोपी: निवडलेल्या पर्यायासमोर उताऱ्यातल्या ओळीचा क्रमांक लिहा. ओळ सापडत नसेल तर तो पर्याय तुमचा आहे, लेखकाचा नाही. सरावात हे प्रत्येक अनुमानाच्या प्रश्नाला करा, परीक्षेत मनातल्या मनात.

"हे वाक्य इथे का आहे?"

'द ऑथर मेन्शन्स … इन ऑर्डर टू'. हा प्रश्न ओळीचा अर्थ विचारत नाही, तिचं काम विचारतो. रात्रीच्या रिगचं वाक्य कशासाठी आलं? "बोअर कसा घेतात ते सांगण्यासाठी" हा पर्याय दिसायला बरोबर आहे, पण लेखकाला बोअरची कृती शिकवायची नाही. आधीच्या वाक्यात बंदी-दंडाचं मत आलंय, मग "पण" आहे. म्हणजे ते मत अमलात का येत नाही हे दाखवायला ही ओळ आली. उत्तर बहुधा आधीच्या किंवा नंतरच्या वाक्यात दडलेलं असतं, त्या ओळीत नव्हे.

चौथी पायरी: बाहेरची माहिती आत येते

लॉजिकल विभागात खेळ बदलतो. 'विच, इफ ट्रू, वुड मोस्ट वीकन' किंवा 'स्ट्रेंदन'. 'इफ ट्रू' दिसलं की पर्याय उताऱ्यात आहे का हे शोधणं बंद करा. तो नसणारच. चारही पर्याय खरे मानायचे आणि निष्कर्षाला कुठला धक्का देतो ते पाहायचं. इंग्रजीच्या विभागातून थेट इथे आलेली मुलं सगळे पर्याय "उताऱ्यात नाही" म्हणून खोडतात आणि शेवटी अंदाजाने गोल काळा करतात.

आपला लेखक म्हणतो, मोजणी झाली तिथे दंडाची वेळ क्वचित आली, म्हणून मोजणी हवी. याला धक्का कशाने बसेल? "मोजणी करणारी गावं मुळातच जास्त पावसाच्या पट्ट्यातली होती." मग दंड टळला तो मोजणीने की पावसाने, हा प्रश्न उभा राहतो. आणि बळ कशाने मिळेल? "त्याच गावांत मोजणी सुरू होण्याआधी दरवर्षी अनेकांना दंड होत असे." मोजणीच्या आधी-नंतरचा फरक दिसला. "भूजल खात्यात कर्मचारी कमी आहेत" हे खरं मानलं तरी मोजणीचा दंडाशी संबंध त्याने ना वाढतो ना तुटतो. तो सोडायचा.

'अझम्प्शन' म्हणजे लेखकाने न बोलता धरून चाललेली गोष्ट. इथे उलटं करून पाहायची युक्ती चालते. पर्याय नकारार्थी करा. युक्तिवाद कोसळला तर तोच गृहीत. "फळ्यावरचे आकडे पाहून शेतकरी पिकांची निवड बदलतात." उलटं करा: आकडे पाहूनही कुणी पीक बदलत नाही. मग मोजून उपयोग काय? कोसळला. म्हणजे हे गृहीत आहे. "सगळ्या गावांत फळा असतो" उलटं केलं तरी काही बिघडत नाही. लेखक फळा असलेल्या गावांबद्दलच बोलतोय.

लीगल विभाग: नियम उताऱ्याचा, घटना प्रश्नातली

या विभागासाठी कायदा आधी माहीत असायला लागत नाही. नियम उताऱ्यात दिलेला असतो, प्रश्नात एक घटना असते, आणि नियम घटनेला लावायचा. कडक दायित्वाचं तत्त्व घ्या, हे आपल्या शेततळ्यालाच लागू करून पाहता येईल.

नियम असा दिला आहे, धरा: "जो माणूस स्वतःच्या उपयोगासाठी आपल्या जमिनीवर निसर्गतः नसलेली, निसटली तर नुकसान करील अशी वस्तू आणून साठवतो, ती निसटून दुसऱ्याचं नुकसान झाल्यास तो निष्काळजी नसला तरी जबाबदार असतो. तिऱ्हाइताच्या कृत्यामुळे ती निसटली असेल तर मात्र तो जबाबदार नसतो."

घटना: एका शेतकऱ्याने शेततळं घेतलं, चांगला कागद अंथरला, बांधाची अभियंत्याकडून तपासणी करून घेतली. एका रात्री बांध फुटला आणि शेजाऱ्याचं सोयाबीन वाहून गेलं. शेतकरी जबाबदार का?

ए) नाही, कारण त्याने पुरेशी काळजी घेतली होती.
बी) हो, कारण त्याने बांध निष्काळजीपणे घातला.
सी) हो, कारण त्याने स्वतःच्या उपयोगासाठी साठवलेलं पाणी निसटून नुकसान झालं.
डी) नाही, कारण शेततळं सरकारी योजनेतून झालं आहे.

असे पर्याय दोन भागांचे असतात, निकाल आणि कारण. आधी कारण वाचा, निकाल नंतर. बी चा निकाल बरोबर आहे पण कारण घटनेच्या विरुद्ध; बांध तपासून घेतल्याचं प्रश्नात स्पष्ट लिहिलंय. डी योजनेचा आधार घेतो, नियमात योजनेचं नाव नाही. ए वाचून शेतकऱ्याची कीव येते, आणि परीक्षकाला नेमकी तीच यायला हवी असते. नियम काळजीचा विचारच करत नाही, म्हणून सी.

आता पुढचा प्रश्न: "समजा, गावातल्या कुणीतरी भांडणातून रात्री कागद फाडून बांध कुदळीने फोडला, तर?" घटना बदलली की आधीचं उत्तर विसरायचं आणि नियम पुन्हा पहिल्यापासून वाचायचा. शेवटचं वाक्य आता जागं झालं: तिऱ्हाइताचं कृत्य. शेतकरी सुटला. नियमातली "मात्र", "परंतु", 'अनलेस', 'प्रोव्हायडेड दॅट' ही वाक्यं उगाच नसतात. त्यातलं प्रत्येक वाक्य कुठल्यातरी प्रश्नात वापरलं जाणार, असं धरूनच वाचा.

हे तत्त्व आलं १८६८ च्या रायलँड्स विरुद्ध फ्लेचर या इंग्लंडमधल्या निकालातून. गिरणीसाठी बांधलेल्या तलावाचं पाणी शेजारच्या कोळशाच्या खाणीत शिरलं होतं. पुढे १८७४ मध्ये मद्रास रेल्वे कंपनीच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळात भारतातली शेवटची अपिलं लंडनच्या या न्यायपीठापुढे चालत) भारतातल्या जुन्या सिंचन तलावांना हे तत्त्व लावायला नकार दिला. इथली शेती आणि लोकांचं जगणं त्या तलावांवर होतं, आणि ते राखणं जमीनदाराचं कर्तव्यच होतं. कायद्याचा अभ्यास म्हणून हे वाचायला मजा येते, वाचावंच. पण उताऱ्यात हा अपवाद दिला नसेल तर पेपरात तो आठवणं घातक. थोडा जास्त कायदा वाचलेला विद्यार्थी इथे "भारतात तर लागू नाही" म्हणून ए किंवा डी वर जातो आणि गुण घालवतो. उताऱ्यातला नियम आजच्या खऱ्या कायद्याशी जुळत नसला तरी त्या पाच-सहा प्रश्नांपुरता तोच कायदा.

चालू घडामोडींत सगळं उलटं

वर जे सांगितलं ते या विभागात बऱ्याच अंशी चालत नाही. उतारा एखाद्या बातमीचा असतो आणि प्रश्न त्या विषयाच्या आसपासचे: करार कधी झाला, संस्था कुठली, अध्यक्ष कोण. उत्तर बहुधा उताऱ्यात नसतं, तुमच्या वाचनात असतं. म्हणून इथे प्रश्न आधी वाचा. माहीत असेल तर लगेच सोडवा, नसेल तर उताऱ्यात एकदा नजर फिरवा आणि पुढे जा. हा विभाग पटकन उरकून वाचलेली मिनिटं लीगल आणि लॉजिकलला द्या.

सराव कसा करायचा

क्लॅट घेणाऱ्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या संघाच्या, म्हणजे कन्सॉर्शियमच्या संकेतस्थळावर जुने पेपर मिळतात. पहिल्या आठवड्यात एक पेपर घ्या, पण सोडवू नका. उतारे झाका आणि नुसते प्रश्न वाचून समासात लिहा: शून्य, अख्खा, एक पाऊल, बाहेरची माहिती, नियम. उत्तर देण्याचा मोह आवरा. एवढंच दोन-तीन पेपरांवर केलं की प्रश्नाच्या पहिल्या चार शब्दांत जात ओळखू येते.

इंग्रजी जड जात असेल तर ही सवय आधी मराठीत लावा. रोजच्या पेपरातला एखादा अग्रलेख घ्या, त्यावर स्वतः तीन प्रश्न तयार करा: एक तपशिलाचा, एक मुख्य मुद्द्याचा, एक अनुमानाचा. चार पर्याय लिहा, त्यात एक जगात खरा पण लेखात नसलेला ठेवा. चुकीचे पर्याय स्वतः रचले की परीक्षकाची चाल कळते. मग तसंच इंग्रजी संपादकीयावर. भाषेचा वेग नंतर वाढतो, आणि रोज वाचलं तर वाढतोच.

चुकांची वही ठेवताना विषयवार ठेवू नका, मुभेवार ठेवा. "लीगलमध्ये सात चुका" यातून काहीच कळत नाही. "सातपैकी पाच ठिकाणी नियमाबाहेरची माहिती वापरली" हे कळलं तर पुढच्या आठवड्यात काय करायचं ते ठरतं.

अडलेल्या प्रश्नात अंदाज मारावा की नाही, हे मराठवाड्यातली मुलं फार विचारतात. पाव गुणाची धास्ती मोठी. हिशोब करा. चारही पर्याय सारखेच वाटत असतील तर नुसत्या अंदाजाची सरासरी कमाई जेमतेम ०.०६ गुण, म्हणजे वेळ घालवण्यासारखी नाही. पण दोन पर्याय खात्रीने खोडले असतील तर तीच ०.३७ च्या पुढे जाते. बी आणि सी मध्ये अडकलात तर एक निवडा आणि पुढे चला. निवडताना प्रश्नाची जात पुन्हा एकदा पाहा: अनुमानाचा असेल तर कमी दावा करणारा, 'इफ ट्रू' चा असेल तर निष्कर्षाला थेट भिडणारा.

जुने पेपर तपासताना अंतिम उत्तरतालिकाच वापरा. पहिल्या, तात्पुरत्या तालिकेवर हरकती घेतल्या जातात आणि काही उत्तरं बदलतात, काही प्रश्न रद्द होतात. २०२५ च्या प्रवेशाच्या क्लॅटमधल्या काही उत्तरांचा वाद तर दिल्ली उच्च न्यायालयात गेला आणि न्यायालयाने त्यातली काही चुकीची ठरवली. तेव्हा एखादा प्रश्न तुम्ही ओळीवर बोट ठेवून सोडवला आणि तरी तालिकेशी जुळला नाही, तर आधी ती कुठली तालिका आहे ते पाहा. वादात सापडलेले प्रश्न चुकांच्या वहीत घेऊ नका. त्यांच्यासाठी वेगळं पान ठेवा आणि मित्रांबरोबर त्यावर मनसोक्त भांडा.